खड्याला शेड, आणि काचेच्या नळीला पैसे नाहीत

मा. सरपंचताई, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य आणि मुंबईकर ग्रामस्थ मंडळाचे पदाधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या ग्रामसभेत ठराव झाला की देवळामागच्या पंचायतीच्या जागेत 'विषउतार केंद्र' बांधायचं, म्हणजे साप चावलेल्याला 'विष ओढून घेणारा' खडा लावायची जागा. पत्र्याची शेड, ओटा, पाण्याची टाकी. निम्मा खर्च पंचायतीचा, निम्मा मंडळाचा. शेडबद्दल मी कदाचित गप्पच बसले असते, गावात याहून निरुपयोगी बांधकामं झालेली आहेत. पण ठरावाच्या शेवटी एक ओळ आहे: 'सर्पदंश झालेल्या इसमास प्रथम केंद्रात आणावे.' या ओळीवर मला गप्प बसता येत नाही. सभेत बायकांच्या बाजूने हात वर केला होता, वेळ संपली असं सांगण्यात आलं. म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांना वाचता यावं म्हणून खुलं.

मी या गावची सून. सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या माणसांचं रक्त तपासणं हे माझं रोजचं काम होतं. रत्नागिरी जिल्हा फुरशांचा जिल्हा; कातळावर, गडग्यात, पेंढ्याच्या उडवीखाली हे वीतभर जनावर असतं आणि चावलं तरी पुष्कळांना काटा टोचल्यासारखंच वाटतं.

माझ्या चुलत जावेला भातकापणीत फुरसंच लागलं. तिला आधी खड्याकडे नेलं. खडा चिकटला, गळून पडला, दुधात टाकला, विष उतरलं असं सांगून तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं ते थांबेना. तरी दुपारपर्यंत वाट बघितली गेली, कारण विष तर उतरलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

ज्या काकांकडे हा खडा आहे त्यांच्याशी माझं वैर नाही हे आधीच लिहिते. ते पैसा घेत नाहीत. मध्यरात्री कोणी दार वाजवलं तरी उठतात. माझ्या सासऱ्यांना त्यांच्या वडिलांनी खडा लावला होता आणि सासरे त्यानंतर कितीतरी वर्षं जगले, हे मला गावात कोणी ना कोणी ऐकवतंच. ऐकवा. पण सासरे खड्यामुळे जगले हे कशावरून, एवढा एकच माझा प्रश्न आहे आणि तो विचारायला माणसांना काही शतकं लागली आहेत.

सभेत लाल पुठ्ठ्याची एक वही फिरवली गेली. तीन पिढ्यांच्या अक्षरातली. नाव, वाडी, हाताला लागलं की पायाला, आणि शेवटी 'बरा होऊन गेला'. मी ती घरी नेऊन पूर्ण वाचली. त्यात माझ्या जावेचंही नाव आहे, आणि पुढे 'बरी होऊन गेली' असंच लिहिलंय. खोटं नाही ते. ओट्यावरून उठून ती खरंच आपल्या पायांनी घरी गेली होती. पुढचं लिहायला कोणी गेलं नाही. त्या वहीत एकही मेलेला माणूस नाही, आणि ज्या वहीत कोणी मरतच नाही ती वही पुरावा म्हणून धरता येत नाही.

दुसरं असं की साप चावलेली बहुतेक माणसं काहीही न करता जगतात. दिवड, धामण, नानेटी, कवड्या यांच्यात माणसाला मारील असं विष नाही. विषारी सापही दर वेळी पुरेसं विष सोडतोच असं नाही. १८९१ साली आताच्या व्हिएतनाममध्ये बाक लिऊजवळच्या एका गावात पुरामुळे नाग घरांत शिरले. चाळीस माणसांना चावले आणि त्यांतली चार दगावली. सापाविरुद्धचं इंजेक्शन तेव्हा जगात अस्तित्वातच नव्हतं. म्हणजे खरोखरच्या नागांनी चावून छत्तीस माणसं जगली. तिथे एखादा खडेवाला असता तर त्याच्या वहीत छत्तीस नावं चढली असती आणि उरलेल्या चौघांना 'उशिरा आणलं' म्हटलं गेलं असतं.

आता या खड्याचीच गोष्ट सांगते, कारण तो तपासला गेलेला नाही असं सभेत एका सदस्यांनी म्हटलं. तपासला गेलाय. १६६२ साली तीन फ्रान्सिस्कन भिक्षू हिंदुस्थानातून परतले ते असे खडे घेऊन इटलीत तोस्कानाच्या दरबारी गेले. नागाच्या डोक्यातला खडा, जखमेला चिकटतो, विष ओढून घेतो, दुधात टाकला की विष सोडतो. आपल्या ओट्यावर सांगतात ती कहाणी तशीच्या तशी. आथानाझिउस किर्खर नावाच्या मोठ्या विद्वानाने साप चावलेल्या एका कुत्र्याला खडा लावला, कुत्रा जगला, आणि खडा खरा ठरला. त्याच दरबारातला वैद्य फ्रान्चेस्को रेदी मात्र एका कुत्र्यावर समाधान मानणारा नव्हता. त्याने प्राण्यांना विष देऊन खडे पुन्हा पुन्हा लावून पाहिले. प्राणी मरत गेले. १६७१ साली त्याने हे सगळं छापलं, तेही त्या किर्खरलाच उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपात. म्हणजे या विषयावर खुलं पत्र लिहिणारी मी पहिली नाही.

रेदी हा माणूस मला फार आवडतो. विष सापाच्या पित्तात असतं असं तेव्हाचे जाणते म्हणत. त्याच्यासमोर साप पकडणाऱ्या एका गड्याने सापाचं पित्त पिऊन दाखवलं, मग दातांतलं विषही वाइनमध्ये घालून प्यायलं, आणि त्याला काही झालं नाही. विष पोटात जाऊन नाही, रक्तात शिरून मारतं हे रेदीने १६६४ साली लिहून ठेवलं. (कोणी करून बघू नका, तोंडात एखादी जखम असली तर संपलं.) चार वर्षांनी त्याने मांसाच्या बरण्या मांडल्या, काही उघड्या, काही झाकलेल्या. सुकत घातलेल्या मासळीवर माशी बसली की अळी पडते हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं, पण तिकडे अळ्या मांसातूनच आपोआप जन्मतात असं हजारो वर्षं मानत. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, झाकलेल्यांत झाल्या नाहीत. उघडी बरणी सगळ्यांनीच पाहिली होती. रेदीने शेजारी झाकलेली बरणी ठेवली, त्याचं सगळं शहाणपण त्या दुसऱ्या बरणीत होतं. आपल्या लाल वहीत ती दुसरी बरणी नाही. खडा न लावलेली माणसं त्यात नाहीत.

रेदीवर विश्वास नसेल तर अलीकडचंही आहे. आफ्रिकेत असाच 'काळा दगड' चालतो. २००७ साली तिथल्या तीन विषारी सापांचं विष उंदरांना टोचून तो तपासला गेला. त्या तिघांत एक आपल्या फुरशाचा भाऊबंद होता. दगडाचा उपयोग झाला नाही. हा दगड बहुधा जाळलेलं हाड असतं; भाजल्यामुळे सच्छिद्र होतं, ओल्या रक्ताला चिकटतं, ओल भरली की गळून पडतं. जिभेला लावलं तरी चिकटेल.

रक्तात शिरल्यावर विष कुठे जाऊन काय करतं, हे शोधणारा मोठा माणूस म्हणजे पॅरिसचा क्लॉद बेर्नार. प्रयोगावर उभ्या असलेल्या वैद्यकाबद्दलचं त्याचं पुस्तक १८६५ चं. दक्षिण अमेरिकेतलं बाणांना लावायचं विष, कुरारे, त्याने बेडकाला दिलं. पण त्याआधी एका मागच्या पायाचा रक्तपुरवठा दोऱ्याने बांधून टाकला, मज्जातंतू तेवढी मोकळी ठेवली. बेडूक लुळा पडला. त्याची विषारी झालेली कातडी चिमटली तर अंग हललं नाही, पण बांधलेला पाय झटकला गेला! म्हणजे बेडकाला चिमटा कळत होता, हुकूमही सुटत होता, फक्त विष पोचलेल्या स्नायूंपर्यंत तो जात नव्हता. एका दोऱ्याने त्याने एकाच प्राण्यात दोन बरण्या केल्या.

हे बेडकाचं पुराण कशाला, असं म्हणाल. नागाचं आणि मण्यारीचं विष साधारण याच ठिकाणी घाव घालतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, दुखतसुद्धा नाही, आणि पहाटे पापण्या जड होतात, जीभ अडखळते, मग श्वास थांबतो. आत माणूस जागा असतो. तो मेला समजून रडारड सुरू होते, तेव्हा त्याला कदाचित ती ऐकू येत असते. अशा माणसाला श्वास देत राहिलं तर तो वाचू शकतो. हेही प्रयोगातूनच कळलं: १८१४ साली लंडनला एका गाढविणीला कुरारे देऊन तिच्या श्वासनलिकेत भाता लावला, विष ओसरेपर्यंत हवा भरत राहिले, आणि ती उठून उभी राहिली, पुढे पंचवीस वर्षं जगली. आज तो भाता म्हणजे रुग्णवाहिकेतली हाताने दाबायची रबरी पिशवी. ठरावाप्रमाणे हा रुग्ण आधी ओट्यावर येणार. तिथे ती पिशवी नाही, आणि ती दाबायला शिकलेलं माणूसही नाही.

या प्रयोगांत किती बेडूक, कुत्रे, ससे, कोंबड्या गेल्या याची गणती नाही. बेर्नारच्या घरच्यांनाही ते पाहवलं नाही, बायको त्याला सोडून गेली. मलाही ते वाचून बरं वाटत नाही. पण एवढ्या जिवांच्या बदल्यात जे कळलं ते आपण पत्र्याच्या शेडखाली फुकट घालवणार, याने जास्त त्रास होतो.

'तुमचे डॉक्टर काय कमी चुकतात?' हा प्रश्न सभेत टाळ्या घेऊन गेला. चुकतात. १८८१ साली ब्राझीलमध्ये दिसलं की सापाच्या विषात पोटॅशियम परमँगनेट मिसळून टोचलं तर प्राणी मरत नाही. झालं, जखम चिरून ते जांभळे स्फटिक चोळण्याची रीत सुरू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात एका टोकाला पातं आणि दुसऱ्या टोकाला स्फटिकांची कुपी अशी खास सुरी निघाली. ती पुरस्कारणाऱ्यांत ब्रिटिश डॉक्टर सर जोसेफ फेयरर होते, ज्यांनी १८७२ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात सापावरचे कित्येक देशी-विदेशी उतारे प्राण्यांवर तपासून निकामी ठरवले होते! पण बशीत विषाला मारणारं औषध अंगात पसरलेल्या विषापर्यंत पोचत नाही. पुढच्या तपासण्यांत हे उघड झालं आणि ती सुरी गेली. इंजेक्शनचंही तसंच. फ्रेंच डॉक्टर काल्मेतने १८९५ च्या सुमारास घोड्यांना थोडं थोडं नागाचं विष देऊन त्यांच्या रक्तातून पहिलं प्रतिविष बनवलं. त्याला वाटलं हे सगळ्या सापांवर चालेल. ब्राझील देशातल्या व्हितल ब्राझील नावाच्या डॉक्टरने तिकडच्या सापांवर ते लावून पाहिलं, चाललं नाही. म्हणून आज आपल्याकडची कुपी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून बनते. खड्याच्या वहीत असं 'हे चाललं नाही' एकदा तरी लिहिलेलं मला दाखवा.

आणि हे सगळं परदेशातच घडलं असंही नाही. महाड आपल्या कोकणातलंच. १९७६ च्या सुमारास बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर आले तेव्हा लाल विंचू चावलेली पोरं फुप्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत जात. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाने नोंद ठेवली, कशाने मरण येतं ते ओळखलं, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं स्वस्त औषध वापरून पाहिलं. गंभीर रुग्णांत शेकडा २५-३० दगावत, ते प्रमाण एकाच्या खाली आलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, जगात नाव झालं. दुसरा कोणी इथे थांबला असता. त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी पुढे स्वतःच्याच औषधाला कसोटीवर धरलं. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट: ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष. दहा तासांनी दुसऱ्या गटातले ३२ पूर्ण बरे, नुसत्या प्राझोसिनवाल्यांतले ८. ज्या औषधाने आपलं नाव झालं ते एकटं कमी पडतं, हे त्यांनी २०११ साली 'बीएमजे'मध्ये स्वतः छापलं.

आता माझ्या तक्रारी. पहिली पंचायतीकडे. महाराष्ट्रातल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. 'प्रथम केंद्रात आणावे' ही ओळ त्याच्या किती जवळ जाते हे ग्रामसेवकांनी सांगायला हवं होतं. दुसरी मंडळाकडे. तुम्ही गणपतीत येता, गावावर जीव टाकता, देणगी देता. पण मुंबईत तुमच्या पोराला काही चावलं तर तुम्ही त्याला ओट्यावर नेणार नाही. मग इथल्यांसाठी ओटा का?

तिसरी आरोग्य खात्याकडे, आणि ती सगळ्यात मोठी आहे. लोक खड्याकडे उगाच जात नाहीत. रात्री आरोग्य केंद्राला कुलूप असतं, असलंच कोणी तर 'पुढे घेऊन जा' म्हणतं, आणि पुढे म्हणजे घाटीतून दीड तास. खडा निदान कधीच 'पुढे जा' म्हणत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे म्हणून. आमच्या आरोग्य केंद्रात मात्र साध्या काचेच्या परीक्षानळ्या नाहीत.

ती नळी काय करते ते सांगते. फुरसं किंवा घोणस चावली की रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. रुग्णाचं दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या, काचेच्या नळीत घ्यायचं. उभी ठेवायची. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, हलवायचं नाही. मग एकदाच आडवी करायची. रक्त घट्ट धरून राहिलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलंय, प्रतिविष ताबडतोब सुरू करायचं. नळी प्लॅस्टिकची चालत नाही आणि साबणाने धुतलेलीही नाही, कारण काचेच्या स्पर्शानेच रक्त गोठायला सुरुवात होते. वीज लागत नाही, मशीन लागत नाही. घड्याळ लागतं. पहिल्यांदा गोठलं तरी पुढे काही तास परत परत बघत राहायचं असतं. माझ्या जावेला त्या संध्याकाळी कोणी ही नळी लावली असती, तर विष उतरलंय की नाही यावर वाद झालाच नसता.

मागण्या अशा. 'प्रथम केंद्रात आणावे' ही ओळ येत्या ग्रामसभेत रद्द करावी आणि तिच्या जागी 'विलंब न लावता रुग्णालयात न्यावे' असं लिहावं. शेडचे पैसे रात्रीच्या गाडीसाठी ठेवावेत. वाडीवाडीतल्या गाडीवाल्यांची यादी, डिझेलचा खर्च पंचायतीचा. एसटी थांब्यावर फलक लावावा: प्रतिविष नक्की कुठे मिळतं, १०८ नंबर, आणि चावलेला अवयव हलवू नका, चिरू नका, करकचून आवळू नका. कापणीला आणि कवळ तोडायला जाणाऱ्या बायकांना गमबूट आणि बॅटऱ्या द्याव्यात, त्याला शेडएवढा खर्चही येणार नाही. आरोग्य खात्याला पंचायतीने लेखी विचारावं की आमच्या केंद्रात आज प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, काचेच्या नळ्या कधी येणार, पहिला डोस इथेच देऊन मग पुढे का पाठवत नाहीत. उत्तर फलकावर लावावं.

लाल वही बंद करू नका. ती पंचायतीत ठेवा आणि पुढे दोन रकाने वाढवा: रुग्णालयात किती वेळाने पोचला, आणि महिन्याने कसा आहे. मेलेल्यांची नावंही लिहा. ती लिहायला काकाच योग्य माणूस आहेत, अक्षर चांगलं आहे आणि लोक त्यांना खरं सांगतात. लोक सवयीने त्यांच्याकडेच धावत येतील हे मला माहीत आहे. त्यांनी फक्त रुग्णाला धीर द्यावा, पाय फळीला बांधून हलू देऊ नये आणि दारात उभ्या गाडीत बसवावं. त्यांच्या शब्दावर माणूस गाडीत बसेल, माझ्या शब्दावर बसणार नाही.

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि मला बोलायला वीस मिनिटं द्यावीत. मी काचेच्या नळ्या स्वतः घेऊन येईन आणि सुरुवातीलाच माझं रक्त काढून एक नळी टेबलावर ठेवीन. ती आडवी करायला सरपंचताईंनी पुढे यावं.

आपली,
गावातलीच एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ